‘मंगळवारी दुपारी काय करशील?’ : वाचकांचे प्रश्न, माझी उत्तरं

गेल्या अंकात प्रथिनांच्या स्फटिकांवर लिहिताना ओघात एक वाक्य लिहून गेले, ‘पुन्हा सुरुवात करायची झाली तर मी कदाचित या वाटेला जाणार नाही.’ मी लिहिलं आणि विसरले. वाचक विसरले नाहीत. स्फटिकांबद्दल एकानेही विचारलं नाही, सगळी पत्रं त्या एका वाक्यावर. शास्त्रज्ञ आपलं क्षेत्र निवडतात कसं, मुळात निवडतात का, निवड चुकली तर काय, असा एकूण सूर. त्यातली पाच पत्रं इथे थोडक्यात देते आहे. नावं मुद्दामच गाळली आहेत.

एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. मेंदूविज्ञान आवडतं, खगोलशास्त्रावरची व्याख्यानं ऐकत रात्र रात्र जागते आणि ओळखीचे सगळे सांगतात, सध्या कृत्रिम बुद्धिमत्तेला मागणी आहे, तिकडे जा. पीएचडीसाठी एकच काहीतरी निवडायचं आहे. कसं निवडू?

तुला अगं-तुगं केलेलं चालेल असं धरून चालते.

फ्रान्सिस क्रिकची गोष्ट तुला उपयोगी पडेल. शिकला भौतिकशास्त्र. महायुद्धाची वर्षं ब्रिटिश नौदलासाठी सागरी सुरुंग तयार करण्यात गेली. युद्ध संपलं तेव्हा तिशीला आलेला, नावावर म्हणावं असं संशोधन नाही. एके दिवशी त्याच्या लक्षात आलं, की आपण नौदलातल्या सहकाऱ्यांना प्रतिजैविकांबद्दल मोठ्या उत्साहाने सांगतोय, आणि आपल्याला त्यातलं खरं तर फारसं काही येत नाही. यावरून त्याने स्वतःपुरती एक कसोटी ठरवली : माणूस ज्या विषयावर विनाकारण गप्पा छाटतो, तोच त्याच्या आवडीचा विषय. स्वतःच्या गप्पा तपासल्यावर दोन विषय उरले. सजीव आणि निर्जीव यांच्यातली सीमा, आणि मेंदू. त्याने पहिला घेतला. १९५३ साली डीएनएच्या रचनेचं काय झालं ते तुला पाठ असेलच. दुसरा विषय त्याने टाकला नव्हता, बाजूला ठेवला होता. साठीला आल्यावर, १९७६ मध्ये, तो कॅलिफोर्नियात गेला आणि पुढची सगळी वर्षं मेंदूवर घालवली.

तेव्हा पंधरा दिवस स्वतःच्या गप्पांवर कान ठेव. व्याख्यानं ऐकणं मी गप्पांत धरत नाही. ऐकून झाल्यावर मैत्रिणीला पकडून काय सांगत सुटतेस, ते बघ.

पण क्रिकच्या कसोटीने माझं समाधान होत नाही. गप्पा मोठ्या प्रश्नांच्या असतात, काम मात्र रोजचं असतं. म्हणून मी माझ्या विद्यार्थ्यांना दुसरा प्रश्न विचारायची : या क्षेत्रात मंगळवारी दुपारी तीन वाजता तू काय करत असशील? नोबेलच्या दिवशी नव्हे, पेपर छापून आला त्या दिवशीही नव्हे. साध्या मंगळवारी.

माझा मंगळवार सांगते. प्रथिनाची रचना क्ष-किरणांनी शोधायची तर आधी त्याचा स्फटिक हवा. चोवीस खळग्यांचा प्लॅस्टिकचा ट्रे असतो. प्रत्येक खळग्यात वेगळं द्रावण, कशात क्षार जास्त, कशात आम्लता थोडी कमी. खळग्याच्या काठाला ग्रीस लावायचं. काचेच्या पातळ चकतीवर प्रथिनाचा एवढासा थेंब ठेवायचा, चकती उलटी करून खळग्यावर दाबायची, म्हणजे थेंब खाली लोंबकळत राहतो. आम्ही याला ‘ट्रे लावणं’ म्हणायचो. लावायचे आणि वाट बघायची. रोज सूक्ष्मदर्शकाखाली चोवीस थेंब बघायचे, वहीत लिहायचं : ‘स्वच्छ’, ‘स्वच्छ’, ‘गढूळ’, ‘तपकिरी साका’. असे महिने. मग एके दिवशी एका थेंबात काहीतरी धारदार कडांचं चमकतं. श्वास रोखून बारीक सुई त्याला टोचायची. ‘कट्ट’ करून फुटलं, तर ते मीठ. द्रावणातल्याच क्षाराचा खडा. निमूट पिचून भुगा झाला, तर प्रथिन. म्हणजे स्फटिक खरा आहे हे कळतं ते तो मोडल्यावर! मला हे सगळं करायला आवडायचं. ‘कट्ट’ ऐकूनसुद्धा दुसऱ्या दिवशी पुन्हा ट्रे लावावासा वाटायचा. माझ्याबरोबर लागलेला एक अत्यंत हुशार मुलगा दीड वर्षात सोडून गेला. त्याला प्रश्न आवडत होता, ट्रे आवडत नव्हते. दुरून डोंगर साजरे, दुसरं काय.

म्हणून तुला सांगते, ज्या तीन क्षेत्रांची नावं घेतलीस, त्या तिन्हींत प्रत्यक्ष काम करणाऱ्या एकेका विद्यार्थ्याजवळ आठवडाभर जाऊन बस. प्राध्यापकाजवळ बसू नकोस, तो व्याख्यानच देईल.

राहिला मागणीचा मुद्दा. अमेरिकन खगोलशास्त्रज्ञ व्हेरा रुबिन १९६०च्या दशकात क्वेसारवर, म्हणजे फार लांबच्या दीर्घिकांच्या झगझगीत केंद्रांवर, काम करत होत्या. तेव्हा तो खगोलशास्त्रातला सगळ्यात गजबजलेला विषय. रोज कुणीतरी विचारणार, अमक्या क्वेसारचं मोजलंत का, आकडा नक्की का, आम्हीही तोच बघतोय. त्यांना ही घाई मानवली नाही. कुणी मागे लागणार नाही असा विषय त्यांनी शोधला : दीर्घिकेच्या कडेकडेचे तारे किती वेगाने फिरतात? १९७० मध्ये केंट फोर्ड यांच्याबरोबर देवयानी दीर्घिकेची मोजमापं छापली. केंद्रापासून लांब गेलं की वेग कमी व्हायला हवा होता, तो होईना. कृष्णद्रव्य, म्हणजे न दिसणारं पण गुरुत्वाने ओढणारं द्रव्य, खरंच आहे हे जगाने मानलं, त्यात या ‘कुणाला नको असलेल्या’ विषयाचा वाटा फार मोठा आहे.

उलट माझं सांगते. पीएचडीनंतर मी त्या वेळी गाजत असलेलं एक प्रथिन घेतलं. दोन वर्षं ट्रे लावले. एका मोठ्या गटाने त्याची रचना छापली तेव्हा माझ्या वहीत अजून ‘गढूळ’च चाललं होतं. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. गर्दीत शिरूच नये असं नाही. पण क्षेत्र गाजतंय हे तुझ्या कानावर येईपर्यंत तिथल्या सोप्या गोष्टी बहुधा उचलून झालेल्या असतात, एवढं धरून चाल.

मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो. मुलांना आम्ही सांगतो की शास्त्रज्ञ कुतूहलापोटी संशोधन करतात. पण विषय तर पैसा देणारे ठरवतात ना? मग ‘निवड’ हा शब्द कितपत खरा?

सर, अर्धा खरा.

माझंच घ्या. मला वनस्पतिशास्त्र करायचं होतं. ज्या गाईडकडे जागा रिकामी होती ते स्फटिकं करायचे. झाली माझी निवड. पुढे एकतीस वर्षं त्यातच गेली. विषय ठरवून केलेल्या लग्नासारखा गळ्यात पडला आणि नंतर आवडायला लागला, असे संशोधक तुम्हाला ढिगाने भेटतील. मुलाखतीत ते ‘लहानपणापासूनच ओढ होती’ असं सांगतात, तो भाग वेगळा.

नेमून दिलेल्या कामाचं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे चिनी शास्त्रज्ञ तू योयो. १९६९ मध्ये चीन सरकारच्या एका गुप्त प्रकल्पात त्यांना मलेरियावरचं औषध शोधायला बसवलं. विषय सरकारचा, कारण व्हिएतनाम युद्धाचं. पण आत शिरल्यावर रस्ता त्यांनी स्वतः काढला. जुन्या वैद्यकाचे ग्रंथ चाळले. त्यात चौथ्या शतकातल्या गे होंग याने लिहिलेला एक उपाय सापडला : चिंगहाव नावाची वनस्पती पाण्यात भिजवायची आणि पिळून रस काढायचा. उकळायची नाही! बाईंच्या लक्षात आलं, की आपण तापवतोय तिथेच औषधाचा गुण जातोय. मग कमी तापमानाला उकळणारं ईथर वापरून अर्क काढला. ऑक्टोबर १९७१ मध्ये १९१ क्रमांकाच्या नमुन्याने उंदरांमधला मलेरिया पूर्ण थोपवला. आर्टेमिसिनिन ते हेच. नोबेल मिळालं २०१५ मध्ये.

आणि दुसरी बाजूही मुलांना सांगा. अमेरिकेत काम करणाऱ्या कॅटलिन कारिको यांनी विषय स्वतः निवडला, एमआरएनए, म्हणजे प्रथिन कसं घडवायचं याचा निरोप पेशीत नेणारा रेणू, आणि तो सोडायला नकार दिला. पैसा मिळेना. १९९५ मध्ये विद्यापीठाने त्यांना खालच्या पदावर आणलं. सहकारी संशोधक ड्रू वाइसमन यांच्याशी ओळख झाली ती झेरॉक्सच्या मशीनपाशी. २००५ मध्ये दोघांनी दाखवलं, की एमआरएनएच्या चार अक्षरांपैकी एकाला किंचित बदललं तर शरीर त्याच्यावर तुटून पडत नाही. पंधरा वर्षांनी त्यावर कोविडच्या लशी आल्या, २०२३ मध्ये नोबेल. ही गोष्ट ऐकून सगळे टाळ्या वाजवतात. मला मात्र अशाच हट्टाने बसलेले आणि शेवटी काहीच हाती न लागलेले दोघे-तिघे आठवतात. त्यांच्यावर कुणी लेख लिहीत नाही.

मी निवृत्त अभियंता आहे. शास्त्रज्ञ बेडूक हवेत तरंगवतात, उकळत्या झऱ्यातले जंतू मोजतात, आणि कर्करोग तसाच आहे. महत्त्वाचे प्रश्न सोडून हे असले विषय निवडतात कशाला?

बेडकाचं आधी. तो १९९७ मधला प्रयोग आंद्रे गाइम यांचा. प्रबळ चुंबकीय क्षेत्रात पाणी किंचित दूर लोटलं जातं, आणि बेडूक म्हणजे बरंचसं पाणीच, म्हणून तो तरंगला. त्यांना २००० साली त्याबद्दल गमतीचं ‘इग नोबेल’ मिळालं. पण आठवड्याचं काम संपल्यावर शुक्रवारी रात्री काहीतरी उपद्व्याप करून बघायची या माणसाची सवयच होती. त्याच सवयीतून चिकटपट्टीने ग्रॅफाइटचे पापुद्रे सोलता सोलता २००४ मध्ये ग्रॅफीन, म्हणजे कार्बनचा एका अणूइतका पातळ पापुद्रा, हाती आलं आणि २०१० मध्ये खरं नोबेल.

उकळते झरे. टॉमस ब्रॉक यांनी १९६०च्या दशकात यलोस्टोनच्या गरम झऱ्यांतून एक जिवाणू वेगळा केला, सत्तर अंशांना मजेत राहणारा. त्यांना एवढंच बघायचं होतं, की किती तापमानापर्यंत जीव तग धरतो. पुढे पीसीआर आलं, डीएनएच्या भराभर प्रती काढायचं तंत्र. त्यात डीएनए पुन्हा पुन्हा तापवावा लागतो आणि या प्रती काढणारी साधी विकरं (एन्झाइम) त्या उष्णतेत मरतात. टिकलं ते या जिवाणूचं विकर. कर्करोगाचं निदान करणाऱ्या प्रयोगशाळांतही पीसीआर चालतं, हे सांगायला नकोच.

तरीही तुमच्या प्रश्नात दम आहे. अमेरिकेतल्या बेल लॅब्स या संशोधनसंस्थेत रिचर्ड हॅमिंग नावाचे गणिती होते. ते जेवायला रसायनशास्त्रज्ञांच्या टेबलावर जाऊन बसत. आधी विचारलं, ‘तुमच्या क्षेत्रातले महत्त्वाचे प्रश्न कोणते?’ काही दिवसांनी, ‘तुम्ही सध्या कशावर काम करताय?’ आणि मग, ‘ते महत्त्वाचं नसेल तर करताय कशाला?’ त्यानंतर त्यांना जेवायला दुसरं टेबल शोधावं लागलं! पण याच हॅमिंगनी असंही सांगितलं, की कालप्रवास किंवा गुरुत्वाकर्षण रद्द करणं हे महत्त्वाचे प्रश्न नव्हेत, कारण त्यांना हात कुठून घालायचा हेच कुणाला माहीत नाही. अभियंत्याला हे मी काय सांगावं? पूल बांधायचा तर पलीकडचा काठ दिसून भागत नाही, पहिला खांब रोवायला अलीकडे जमीन लागते.

वय ४१. पंधरा वर्षं एकाच पदार्थाच्या गुणधर्मांवर पेपर लिहितोय. कंटाळलोय. जीवशास्त्राकडे वळावंसं वाटतं, पण आता उशीर झाला का?

व्यंकटरामन रामकृष्णन १९७६ मध्ये भौतिकशास्त्रात पीएचडी झाले, आणि लगेच जीवशास्त्राच्या वर्गात पुन्हा विद्यार्थी होऊन बसले. पदवी हातात असताना पहिल्या बाकावर! तरी ते तेव्हा पंचविशीच्या आतले. पण १९९१ मध्ये, चाळिशीच्या उंबरठ्यावर, पेशीत प्रथिनं घडवणाऱ्या रायबोसोमसाठी स्फटिकशास्त्र हवं म्हणून ते शिकायला केंब्रिजला गेले. त्यांचा हा दुसरा बदल मला जास्त मोठा वाटतो. २००९चं नोबेल त्यातून आलं.

सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनी तर विषय बदलण्याची शिस्तच लावून घेतली होती. १९३५ मध्ये बडे ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ एडिंग्टन यांनी भर सभेत त्यांच्या श्वेतबटूच्या, म्हणजे इंधन संपून आक्रसलेल्या ताऱ्याच्या, गणिताची खिल्ली उडवली. चंद्रशेखरांनी भांडत आयुष्य घालवलं नाही. ताऱ्यांच्या रचनेवर ग्रंथ लिहिला, १९३९ मध्ये तो छापला, आणि विषय मिटला. मग ताऱ्यांची गती, मग प्रारणाचं संक्रमण, मग द्रवांचं स्थैर्य, करत करत १९८३ मध्ये कृष्णविवरं. दर वेळी काही वर्षं काम, शेवटी एक जाडजूड ग्रंथ, आणि पुढचा विषय अगदी पहिल्यापासून.

आपल्याकडे दामोदर कोसंबी. मुळात गणिती. संख्याशास्त्र वापरून बघायला काहीतरी हवं म्हणून त्यांनी जुनी आहत नाणी, म्हणजे ठसे ठोकून केलेली प्राचीन नाणी, तराजूत घातली. हातोहात फिरून नाणं झिजतं, तेव्हा वजनावरून त्याचं वय ताडता येईल, हा तर्क. मग ही नाणी पाडली कुणी, हे शोधता शोधता माणूस इतिहासकार झाला.

तिघांत एक गोष्ट समान दिसते. जुनी हत्यारं कुणीच फेकली नाहीत. गणित, भौतिकशास्त्र बरोबर नेलं. तेव्हा ‘जीवशास्त्रात जातो’ असं मोघम ठरवू नका. तुम्हाला जे मोजता येतं, ते जीवशास्त्रात कुणाला मोजायचंय आणि जमत नाहीये, तो माणूस शोधा. दोन वर्षं पेपर येणार नाहीत, पंचविशीतली पोरं तुमच्या चुका काढतील. ते सोसेल का, हे घरच्यांशीही बोलून घ्या. आणि एक आगाऊ प्रश्न : विषयाचा कंटाळा आलाय की पेपर लिहिण्याचा? दुसरं असेल तर जीवशास्त्रातही पेपर लिहावेच लागतात.

मी आठवीत आहे. माझा मित्र म्हणतो की सगळे शोध लागून झालेत. खरं आहे का? आणि तुम्हाला परत आठवीत बसवलं तर तुम्ही काय शोधाल?

मित्राला ईल माशाबद्दल विचार. युरोपातला हा मासा नद्यांत वाढतो आणि अंडी घालायला हजारो किलोमीटर पोहत सारगॅसो समुद्रात जातो, असं आपण मानतो, कारण त्याची सगळ्यात बारकी पिल्लं तिथे सापडतात. पण तिथे अंडी घालताना त्याला आजवर कुणीही पाहिलेलं नाही. १८७६ मध्ये एका विद्यार्थ्याला नर ईलची जननेंद्रियं शोधायच्या कामाला लावलं होतं. त्याने चारशेच्या आसपास मासे चिरले, ठाम उत्तर काही मिळालं नाही. पुढे त्याने विषय बदलला. त्याचं नाव सिग्मंड फ्रॉइड!

किंवा एक मिलिमीटर लांबीचा एक गोलकृमी घे. सिडनी ब्रेनर यांनी १९६३ मध्ये आपल्या वरिष्ठांना पत्र लिहून कळवलं, की रेणूंचे जुने प्रश्न आता सुटतच आलेत, मला काहीतरी नवं हवं, आणि हा किडा निवडला. त्याच्या शरीरात मज्जापेशी किती? ३०२. कोणती कोणाला जोडलीय, याचा नकाशा १९८६ मध्येच छापून झाला. तरी पुढच्या क्षणी तो किडा डावीकडे वळेल की उजवीकडे, हे आपल्याला दर वेळी खात्रीने सांगता येत नाही. तुझ्या डोक्यात अशा पेशी काही हजार कोटी आहेत. शोध लागून झालेत म्हणे!

आता माझं. मी दगडफूल घेईन. जुन्या दगडांवर, झाडांच्या सालीवर करडे, हिरवे, नारिंगी पोपडे दिसतात ना, तेच. ती एक वनस्पती नाही. बुरशी आणि शैवाल यांचं ते एकत्र कुटुंब आहे. बुरशी घर बांधते, शैवाल उन्हावर अन्न तयार करतं. स्विस शास्त्रज्ञ श्वेंडनर यांनी १८६०च्या दशकात हे सांगितलं तेव्हा दगडफुलांचे बडे जाणकार त्यांना हसले. त्यानंतर दीडशे वर्षं सगळे ‘दोघंच’ म्हणत राहिले, आणि २०१६ मध्ये काही दगडफुलांच्या सालीत तिसरा रहिवासी सापडला, एक यीस्ट. इतकी वर्षं भिंगाखाली असून कुणाला दिसला नव्हता. २००५ मध्ये दोन जातींची दगडफुलं उपग्रहाच्या बाहेरच्या बाजूला बसवून दोन आठवडे उघड्या अवकाशात ठेवली होती. परत आली ती जिवंत. शाळेतला लिटमस कागद आठव, त्याचा रंगही दगडफुलातूनच काढतात.

निवृत्त झाल्यावर मी दहापट मोठं दाखवणारं भिंग घेतलं. नारिंगी दगडफुलावर कॉस्टिक पोटॅशचा एक थेंब टाकला की ते बघता बघता गडद जांभळट लाल होतं. जात ओळखायची ही जुनी रीत. (पोटॅश कातडी भाजतं. तू शिक्षक जवळ असल्याशिवाय हे करायचं नाहीस.) पहिल्यांदा केलं तेव्हा एकटीच होते आणि मोठ्याने ‘अगंबाई’ म्हणाले.

एका काळ्या खडकावर पिवळट हिरवा, बोटाच्या पेराएवढा एक ठिपका आहे. ही जात फार सावकाश वाढते, वर्षाला मिलिमीटरहूनही कमी. मी त्यावर पारदर्शक प्लॅस्टिक धरून बारीक पेनाने त्याची कड काढून घेतली. खडकावर दोन खुणा केल्या आहेत, म्हणजे प्लॅस्टिक दर वेळी तिथल्या तिथे बसतं. दर वर्षी त्याच तारखेला जाते, प्लॅस्टिक लावते, भिंग धरते. पेनाची रेघ साधारण अर्धा मिलिमीटर जाड आहे. पहिली चार वर्षं ठिपका रेघेच्या आतच होता. पाचव्या वर्षीही आतच. गेल्या वेळी उजव्या बाजूला, खालच्या कोपऱ्यात, रेघेच्या बाहेर तो जरासा डोकावला आहे.